कोट्यवधी ओळींतून एक ओळ कशी सापडते?



दौंड जंक्शनवर पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती या चार बाजूंचे लोहमार्ग एकत्र येतात. समजा, एखाद्या प्रवाशाने तुम्हांला विचारले, "जेऊर स्थानकावर कोणकोणत्या गाड्या थांबतात?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत अशी, की प्रत्येक गाडीचे वेळापत्रक घ्यायचे, त्यातील स्थानकांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायची आणि 'जेऊर' दिसले तर त्या गाडीचे नाव टिपून ठेवायचे. दुसऱ्या रीतीत कोणीतरी आधीच कष्ट घेऊन एक वही तयार केलेली असते. तिच्यात प्रत्येक स्थानकाच्या नावाचे एक पान असते आणि त्या पानावर तेथे थांबणाऱ्या गाड्यांची यादी असते. मग जेऊरचे पान उघडले की काम झाले.

दोन्हींकडे माहिती एकच आहे. फरक फक्त मांडणीचा आहे. पहिल्या मांडणीत 'गाडीवरून स्थानके' कळतात, दुसरीत 'स्थानकावरून गाड्या'. मांडणी उलटी केली म्हणून दुसऱ्या प्रकाराला आपण 'उलटी सूची' म्हणू. तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असणारी शब्दसूची हीही उलटी सूचीच होय. या साध्या कल्पनेच्या जोरावर जगभरच्या संगणक-आज्ञावल्यांच्या प्रचंड साठ्यातून हवी ती ओळ क्षणार्धात कशी शोधता येते, हे आपण या लेखात पाहणार आहोत.

मूळ आज्ञावली आणि तिच्यातील टिपा

संगणकाने करावयाच्या कामाच्या ज्या सूचना माणूस लिहितो, त्यांना आपण आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतो. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले तिचे जे मूळ रूप, त्याला सोर्स कोड म्हणतात. हे मूळ रूप यंत्राला चालवता येईल अशा आकड्यांच्या रूपात बदलले, की ते माणसाला वाचणे फार कठीण होते. साखरेच्या दाण्याकडे पाहून तो ऊस कोणाच्या शेतातला, हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून आज्ञावली कशी चालते हे समजून घ्यायचे असेल, तर सोर्स कोडच हाती हवा.

सोर्स कोडमध्ये दोन प्रकारचा मजकूर असतो. पुढील ओळ पाहा.

वेग = अंतर / काळ    // काळ शून्य नसल्याची खात्री आधी केली आहे

यातील डावीकडचा भाग संगणकासाठी आहे. दोन तिरप्या रेषांच्या पुढचा भाग ही टीप, म्हणजे कॉमेंट. संगणक तिच्याकडे लक्षच देत नाही. ती पुढे ही आज्ञावली वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असते. आज्ञावलीवरून 'काय केले' ते कळते. 'असे का केले' ते पुष्कळदा केवळ टिपेवरूनच कळते.

अनेक आज्ञावल्यांचा सोर्स कोड त्यांचे मालक गुप्त ठेवतात. पण १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला आणि सोर्स कोड वाचण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, असा आग्रह धरला. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. अशा खुल्या सोर्स कोडच्या आज्ञावल्यांना 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ पासून रूढ झाले. आज तुमच्या घरातील अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे.

आपल्या महाराष्ट्रातही या क्षेत्रात काम झाले आहे. 'जीसीसी' हा ग्नू प्रकल्पातील प्रसिद्ध कंपायलर, म्हणजे सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी आज्ञावली. तिच्या लक्षावधी ओळींचे अंतरंग विद्यार्थ्यांना उलगडून दाखवण्याचे काम मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. आपल्या आणखी जवळचे उदाहरण हवे असेल, तर शिरूरच्या पलीकडे जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीकडे, म्हणजे जी.एम.आर.टी.कडे पाहा. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील रेडिओ लहरी टिपतात. त्या नोंदींवरून आकाशाचे चित्र तयार करणारी 'कॅप्चर' नावाची आज्ञावली-मालिका रुता काळे आणि ईश्वर चंद्र या शास्त्रज्ञांनी तयार केली. २०२१ साली तिच्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिचा सोर्स कोड कोणालाही पाहता येतो, अगदी दौंडच्या विद्यार्थ्यालासुद्धा.

शोधावे तरी कशासाठी?

येथे प्रश्न उद्भवेल, की आज्ञावल्या खुल्या आहेत हे ठीक, पण त्यांच्यात शोधायचे काय? याची मुख्य कारणे चार आहेत. एक, एखादी आज्ञा कशी वापरावी हे कळत नसेल, तर ती इतरांनी कशी वापरली आहे ते पाहता येते. दोन, एखाद्या आज्ञेत बदल करायचा असेल, तर ती कोठे कोठे वापरली आहे हे आधी माहीत असावे लागते. नाहीतर एक खिळा काढायला जावे आणि छप्पर कोसळावे, असे होते. तीन, एका ठिकाणी दोष सापडला, तर तोच दोष नकलेबरोबर आणखी कोठे गेला आहे, ते शोधावे लागते. चार, एखादी विचित्र ओळ का लिहिली गेली, याचा खुलासा टिपांमधून शोधता येतो.

यातील तिसरे कारण किती गंभीर असू शकते, ते डिसेंबर २०२१ मध्ये सर्व जगाला दिसले. 'लॉगफोरजे' नावाची एक खुली आज्ञावली आहे. तिचे काम साधे: इतर आज्ञावल्या चालत असताना काय काय घडले, त्याची रोजनिशी लिहून ठेवणे. तिच्यात असा दोष आढळला, की रोजनिशीत विशिष्ट प्रकारचा मजकूर लिहिला गेला, तर ती बाहेरच्या संगणकावरून परकी आज्ञावली आणून चालवू शकत असे. दोषाची तीव्रता १० पैकी १० ठरवण्यात आली. दुरुस्त आवृत्ती लवकरच मिळाली. परंतु खरी अडचण वेगळीच होती: "आमच्याकडे ही आज्ञावली नेमकी कोठे कोठे आहे?" या प्रश्नाचे उत्तर असंख्य संस्थांपाशी नव्हते. एका आज्ञावलीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, अशी ती दडून बसली होती. औषध हाती आहे, पण रोगी कोण हे माहीत नाही, अशी ती अवस्था होती. शोधण्याचे शास्त्र हे केवळ सोयीचे नव्हे, तर सुरक्षिततेचे साधन आहे, हे यावरून ध्यानात येईल.

सरळ वाचत जाण्याची रीत

शोधण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत जाणे. १९७३ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी 'ग्रेप' नावाची छोटी आज्ञावली तयार केली. सांगितलेला नमुना ज्या ओळींत आढळेल, तेवढ्याच ओळी ती छापून दाखवते. पन्नास वर्षे उलटली तरी संगणकशास्त्राचे विद्यार्थी आजही ती रोज वापरतात. एका संगणकातील एका प्रकल्पासाठी ही रीत उत्तम आहे.

पण साठा मोठा झाला की काय होते? आपण गणित करून पाहू. गिटहब या संकेतस्थळावर जगभरचे लोक आपला सोर्स कोड ठेवतात. त्यांनी २०२३ साली दिलेल्या माहितीप्रमाणे शोधासाठी घेतलेल्या सुमारे ४.५ कोटी प्रकल्पांत मिळून ११५ टेराबाइट मजकूर होता. एक टेराबाइट म्हणजे १० लाख मेगाबाइट. समजा, एक संगणक डिस्कवरून दर सेकंदाला १०० मेगाबाइट मजकूर वाचतो. तर,

लागणारा काळ = ११५ × १०,००,००० ÷ १०० = ११,५०,००० सेकंद

म्हणजे सुमारे १३ दिवस! एका प्रश्नासाठी तेरा दिवस थांबणारा विद्यार्थी कोठे मिळणार? शेकडो संगणक जोडून हा काळ कमी करता येईल. पण एकाच वेळी हजारो लोक प्रश्न विचारू लागले तर तेही अपुरे पडतील. येथे जेऊरच्या पानासारखी उलटी सूचीच हवी.

तीन अक्षरांचे तुकडे

पुस्तकाच्या सूचीत आपण शब्द घेतो. आज्ञावलीसाठी शब्दांची सूची पुरत नाही. आज्ञावलीत दोन-तीन शब्द एकत्र जोडून नावे बनवतात. कंस, बरोबरीचे चिन्ह, स्वल्पविराम यांनाही तेथे अर्थ असतो. आणि शोधणाऱ्याला कित्येकदा नावाचा मधलाच तुकडा आठवत असतो. म्हणून शब्दांऐवजी लागोपाठच्या तीन-तीन अक्षरांचे तुकडे घ्यायचे, ही युक्ती वापरतात. गूगलने २००६ साली सुरू केलेल्या सोर्स कोड शोधण्याच्या सेवेत हीच युक्ती होती. ती सेवा २०१२ च्या जानेवारीत बंद झाली. त्याच सुमारास तिची रचना करणारे रस कॉक्स यांनी ही पद्धत सविस्तर लिहून सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी मिखाएल श्टापेलबेर्ग यांनी या पद्धतीवर 'डेबियन' या लिनक्स-संग्रहासाठी शोधसेवा उभारली.

युक्ती कशी चालते, ते कार्डांवर करून पाहू. समजा, सहा आज्ञावल्यांत पुढील टिपा आहेत.

कार्ड १ : तापमान सेल्सिअसमध्ये घ्यावे
कार्ड २ : तापमापकाची कळ दाबावी
कार्ड ३ : शून्याने भागू नये
कार्ड ४ : कमाल तापमान तपासावे
कार्ड ५ : तापमापकाचा अपमान करू नये
कार्ड ६ : किमान वेग मोजावा

आपल्याला 'तापमान' शोधायचे आहे. सध्या काना-मात्रेसह एक अक्षर धरू. 'तापमान' या चार अक्षरांतून तीन अक्षरांचे दोनच तुकडे निघतात: 'तापमा' आणि 'पमान'. सूची आधीच तयार केलेली आहे. तिच्यात पाहिले तर,

तापमा : १, २, ४, ५
पमान : १, ४, ५

ज्या कार्डावर 'तापमान' असेल, त्यावर हे दोन्ही तुकडे असलेच पाहिजेत. म्हणून दोन्ही याद्यांत असणारे क्रमांक तेवढे घ्यायचे: १, ४, ५. गणितात आपण याला संचांचा छेद म्हणतो. याद्या चढत्या क्रमाने लिहिलेल्या असल्याने दोन्हींवर एक-एक बोट ठेवून, ज्या यादीतील आकडा लहान असेल तेथील बोट पुढे सरकवत गेले, की एकाच फेरीत छेद मिळतो.

आता कार्ड ५ नीट पाहा. त्यावर 'तापमापक' मधला 'तापमा' आहे आणि 'अपमान' मधला 'पमान' आहे. पण 'तापमान' कोठेच नाही! म्हणजे सर्व तुकडे सापडले, तरी पूर्ण शब्द सापडेलच असे नाही. यासाठी शेवटी उरलेली कार्डे प्रत्यक्ष वाचून खात्री करावी लागते. तशी ती केली, की १ आणि ४ ही बरोबर उत्तरे मिळतात. चाळणीतून गव्हाबरोबर एखादा खडा येतो, तो हाताने निवडावा लागतो. पण गव्हाचा दाणा मात्र चाळणीत कधी अडकून राहत नाही. चाळणीच्या या गुणामुळेच पद्धत विश्वसनीय ठरते.

सहा कार्डांत वाचणारी मेहनत थोडी वाटेल. मोठ्या साठ्यात ती फार मोठी असते. रस कॉक्स यांनी लिनक्सच्या एका आवृत्तीचा सुमारे ४२० मेगाबाइट सोर्स कोड घेतला, तेव्हा त्याची सूची केवळ ७७ मेगाबाइटची झाली, आणि हजारो फायलींऐवजी निवडक फायली वाचल्या की काम भागू लागले. शिवाय एखादा तुकडा सूचीतच नसेल, तर एकही फाइल न उघडता 'नाही' असे ठाम उत्तर देता येते.

याच सूचीने पर्यायांचे प्रश्नही सोडवता येतात. 'तापमान किंवा अंतर' शोधायचे असेल, तर ('तापमा' आणि 'पमान') किंवा 'अंतर' असा सूचीला प्रश्न विचारायचा. 'आणि' म्हणजे छेद, 'किंवा' म्हणजे संयोग. गणिताच्या तासाला शिकलेले संच येथे थेट उपयोगी पडतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तीनपेक्षा कमी अक्षरांचा शोध असेल, तर तुकडाच निघत नाही. काही तुकडे इतके सर्रास आढळतात, की त्यांची यादी जवळजवळ सर्व फायलींची होते आणि चाळणीला भोकेच मोठी पडतात. म्हणून मोठ्या शोधसेवांत नेहमीचे तुकडे लांब आणि विरळ तुकडे आखूड घेण्याची सुधारणा केली आहे. दुसरी सुधारणा नकला ओळखण्याची. मघाच्या ११५ टेराबाइटमधील एकसारख्या फायली एकदाच मोजून व जवळपास सारख्या प्रकल्पांतील फक्त फरक घेऊन प्रत्यक्ष सूचीत घालण्याचा मजकूर २८ टेराबाइटवर आला. ओपन सोर्सच्या जगात नक्कल किती मोठ्या प्रमाणावर होते, याची यावरून कल्पना येईल.

चांगला प्रश्न कसा निवडावा?

सूची कितीही चांगली असली, तरी प्रश्न ढोबळ असेल तर उत्तरही ढोबळच येते. दौंडच्या बाजारात 'पाटील कोठे राहतात?' असे विचारून भागत नाही. जितकी खूण दुर्मिळ, तितका शोध नेमका.

याचे एक सुंदर उदाहरण भौतिकशास्त्राला जवळचे आहे. संगणकावरील खेळात पृष्ठभागावर प्रकाश कसा पडेल हे काढताना १ ÷ √क्ष ही किंमत अगणित वेळा काढावी लागते. 'क्वेक ३' या खेळाचा सोर्स कोड २००५ साली खुला झाला, तेव्हा त्यात यासाठी एक विलक्षण युक्ती आढळली. १५९७४६३००७ या संख्येतून वजाबाकी करून उत्तराचा पहिला अंदाज काढायचा आणि मग न्यूटनच्या रीतीने तो सुधारायचा. सुधारण्याचे सूत्र असे:

नवा य = य × (१.५ − ०.५ × क्ष × य²)

क्ष = ४ घ्या. खरे उत्तर ०.५ आहे. अंदाज य = ०.४९ धरला, तर नवा य = ०.४९ × (१.५ − २ × ०.२४०१) = ०.४९ × १.०१९८ = ०.४९९७. एकाच पायरीत केवढी प्रगती झाली पाहा! सूत्र समजले, पण ती दहा अंकी संख्या कोठून आली, याचा खुलासा त्या ओळीजवळच्या टिपेत नव्हता. टीप लिहिणाराही ती ओळ पाहून चक्रावला होता, एवढेच तिच्यावरून कळते. आता शोधाच्या दृष्टीने विचार करा. ही युक्ती आणखी कोणी वापरली, हे 'वर्गमूळ' शब्द शोधून कळणार नाही. वर्गमुळे तर सगळीकडेच असतात. पण ही विशिष्ट संख्या योगायोगाने दुसरीकडे येण्याची शक्यता फारच थोडी. नक्कल करणारा नावे बदलेल, टिपा काढून टाकेल; संख्या मात्र त्याला तशीच ठेवावी लागेल. म्हणून संख्या शोधावी. सोर्स कोडमध्ये ती बहुधा षोडशमान पद्धतीत लिहिलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

टिपा किती विश्वासार्ह?

टिपा शोधणे हा इतिहास वाचण्याचाच एक प्रकार आहे. १९६९ साली चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या अपोलो ११ यानातील संगणकाचा सोर्स कोड आज सर्वांना पाहता येतो. त्यात काही ओळींपाशी, 'हे तात्पुरते असावे अशी आशा आहे' अशा अर्थाची टीप आहे. त्या 'तात्पुरत्या' ओळी चंद्रापर्यंत जाऊन पोहोचल्या! घाईच्या वेळी केलेली डागडुजी किती टिकते, याचा हा धडाच आहे. म्हणून अनुभवी माणसे एखादा प्रकल्प हाती घेताच 'तात्पुरते', 'नंतर दुरुस्त करणे' अशा अर्थाच्या टिपा आधी शोधतात. दुखणे कोठे आहे, ते लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवलेले असते.

मात्र टीप हा पुरावा नव्हे, साक्ष आहे. आज्ञावली बदलते आणि जुनी टीप तशीच राहते, असे वारंवार घडते. संगणक टीप वाचत नसल्यामुळे ती चुकीची असली, तरी तो तक्रार करत नाही. टीप आणि आज्ञा यांत विरोध दिसला, तर यंत्र आज्ञेप्रमाणे चालणार, हे पक्के लक्षात ठेवावे.

नावांच्या बाबतीतही तसेच. एकाने 'तापमान' लिहिले आणि दुसऱ्याने 'उष्णतामान', तर सूचीला ते एकच आहेत हे कळत नाही. इ. स. २००० जवळ आले, तेव्हा वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक साठवणाऱ्या जुन्या आज्ञावल्या दुरुस्त कराव्या लागल्या. त्यातील फार मोठे काम भारतीय संगणक-कंपन्यांनी केले. 'वर्ष' किंवा 'दिनांक' हे शब्द शोधून ते संपले नाही, कारण लिहिणाऱ्यांनी वाटेल ती नावे दिलेली होती. अशा वेळी अक्षरे नव्हे, तर एखादी किंमत आज्ञावलीत कोठून कोठे जाते, हे तपासणारी साधने लागतात. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व रचना केंद्रात आज्ञावल्यांचे असे विश्लेषण करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले आहे.

मराठीची खास अडचण

आपण वर 'ता' हे एक अक्षर धरले. संगणक तसे धरत नाही. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत 'त' ला एक क्रमांक आणि कान्याला दुसरा क्रमांक आहे. शिवाय प्रचलित पद्धतीत रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात. उदाहरणार्थ, 'र' म्हणजे २२४, १६४, १७६ आणि 'स' म्हणजे २२४, १६४, १८४. पहिला बाइट नेहमी २२४ च, आणि दुसरा १६४ किंवा १६५.

याचा परिणाम पाहा. सूची तीन-तीन बाइटांवर बांधली असेल, तर रोमन लिपीत एका तुकड्यात तीन अक्षरे येतात, पण मराठीत जेमतेम एकच वर्ण येतो. मग 'रस' शोधताना चाळणी जवळजवळ एवढेच विचारते: "यात र आणि स आहेत का?" मराठी मजकुराच्या बहुतेक प्रत्येक पानावर ते असतातच. अशा सूचीपुढे 'रस' आणि 'सर' यांत फारसा भेद उरत नाही. अंतिम उत्तर चुकत नाही, कारण शेवटी वाचून खात्री केली जाते. पण वाचण्याचा ढीग मोठा राहतो. उपाय सोपा आहे: सूची बाइटांवर न बांधता वर्णांवर बांधावी. इंग्रजीसाठी सहज घेतलेला एक निर्णय मराठीला कसा जड जातो, ते येथे दिसते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. 'वाऱ्याचा वेग' यातील 'ऱ्या' संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ (२३५३), हलन्त चिन्ह (२३८१) आणि मग 'या' असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र (२३५२), हलन्त चिन्ह (२३८१), डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह (८२०५) आणि मग 'या'. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात. पण एका प्रकाराने लिहिलेले दुसऱ्या प्रकाराने शोधले, तर सरळ तुलना करणारी आज्ञावली 'सापडत नाही' असे सांगते! म्हणून मराठीसाठी शोधसाधन करणाऱ्याने सूची बांधण्यापूर्वी आणि प्रश्न विचारण्यापूर्वी दोन्ही रूपे एका ठरावीक रूपात आणली पाहिजेत. आपल्या भाषेची ही गरज आपण सांगितली नाही, तर दुसरे कोण सांगणार?

न दिसणारी चिन्हे धोकादायकही ठरू शकतात. उर्दू, अरबी यांसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे युनिकोडमध्ये आहेत. ती टिपांमध्ये दडवली, तर माणसाला आज्ञावली एक दिसते आणि यंत्र वेगळीच वाचते, हे निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ साली दाखवून दिले. त्यानंतर अनेक साधने अशी चिन्हे शोधून सावधानतेची सूचना देऊ लागली. ज्या टिपांकडे यंत्र लक्ष देत नाही असे आपण म्हटले, त्यांच्याकडे माणसाने मात्र लक्ष द्यायलाच हवे.

एक सूचना

सापडलेला सोर्स कोड वाचण्यास मुक्त असला, तरी नक्कल करण्यास बिनशर्त मुक्त असतोच असे नाही. अनेक प्रकल्पांबरोबर परवानापत्र असते. काहींत मूळ लेखकाचे नाव ठेवण्याची अट असते. काहींत तुमची सुधारणा वाटायची झाल्यास तिचा सोर्स कोडही खुला करण्याची अट असते. वाचावे भरपूर, समजून घ्यावे, आणि उचलले तर कोणाकडून उचलले ते लिहावे. प्रयोगवहीत दुसऱ्याची निरीक्षणे स्वतःची म्हणून लिहू नयेत, हा नियम येथेही लागू आहे.

करून पाहा

१. शिक्षकांसाठी: वर्गातील प्रत्येकाला एका कार्डावर एक वाक्य लिहायला सांगा. दोन गट करा. एका गटाने कार्डे वाचून शोधावे, दुसऱ्याने आधी तीन-अक्षरी तुकड्यांची सूची करून मग शोधावे. पहिल्या प्रश्नाला कोण जिंकते? दहाव्या प्रश्नाला कोण? सूची बांधण्याचा वेळ केव्हा वसूल होतो?

२. वरील सहा कार्डांत 'कमान' शोधा. किती कार्डे वाचावी लागली?

३. एक टेराबाइट मजकूर सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने वाचण्यास किती वेळ लागेल?

४. क्ष = ९ आणि पहिला अंदाज य = ०.३ घेऊन न्यूटनचे सूत्र दोनदा वापरा.

५. 'तापमान' साठी कार्ड ५ सारखे फसवे वाक्य तयार झाले, तसे 'सोलापूर' साठी करता येते का, ते पाहा. 'सोलापू' आणि 'लापूर' हे दोन्ही तुकडे हवेत, पण 'सोलापूर' नको.

उत्तरे : (२) एकही नाही; 'कमान' हा तुकडा सूचीतच नाही. (३) १०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २ तास ४७ मिनिटे. (४) ०.३२८५ आणि ०.३३३२, खरे उत्तर ०.३३३३… (५) याचे उत्तर तुमच्या वर्गाने शोधावे; गावांची नावे आठवताना भूगोलाचीही उजळणी होईल.